राखीव श्वास: पाणबुड्याच्या छोट्या सिलिंडरचा आणि त्यावरच्या रेग्युलेटरचा इतिहास

येवल्यात उभं राहून पाण्याखालच्या श्वासाबद्दल बोलायचं, हे काहींना गमतीचं वाटेल. पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार याची वाट बघणारा हा तालुका. पण अंकाईवर अगस्तींचं स्थान आपल्याच हद्दीत आहे, आणि अगस्तींनी अख्खा समुद्र पिऊन टाकला होता ही गोष्ट लहान पोरालाही माहीत असते. तेव्हा समुद्राशी आपलं अगदीच काही नातं नाही असं नाही.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. इथली काही तरुण मंडळी सुट्टीत मालवणला जाऊन स्कूबा करून आली, आता पुढचा रीतसर कोर्स करायच्या विचारात आहेत. हीच मुलं गावात कुणी विहिरीत किंवा शेततळ्यात पडलं की दोर घेऊन धावणाऱ्यांपैकी. त्यांनी विचारलं की पाणबुड्या मुख्य सिलिंडरशिवाय जो छोटा राखीव सिलिंडर बरोबर नेतो, त्याला लहानात लहान, सुटसुटीत असा रेग्युलेटर कोणता घ्यावा?

प्रश्न दुकानात विचारण्यासारखा आहे. पण त्याचं उत्तर शोधायला आपल्याला १६० वर्षं मागे जावं लागेल, कारण 'राखीव हवा कुठे ठेवायची' या एका गोष्टीवर माणसांनी या काळात चार-पाच वेळा मत बदललेलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्याची काही ना काही किंमत मोजलेली आहे.

आधी रेग्युलेटर म्हणजे काय ते बघू. तुमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीवर जो बसवतात, त्याचाच हा भाऊ. टाकीत दाब जास्त, शेगडीला हवा कमी. मधला माणूस तो दाब उतरवतो. पाणबुड्याच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ २०० पट. ती थेट तोंडात घेता येत नाही. शिवाय एक जास्तीची अट आहे. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, आणि छातीवर जेवढा दाब आहे तेवढ्याच दाबाची हवा मिळाली तरच फुप्फुसं फुलतात. म्हणजे हा रेग्युलेटर खोलीप्रमाणे स्वतःला बदलत राहिला पाहिजे, आणि श्वास ओढला तेव्हाच हवा सोडली पाहिजे. शेगडीचा रेग्युलेटर चालू-बंद एवढंच जाणतो. याला मागणी कळावी लागते.

आता गंमत बघा. मागणी ओळखणारा एक सुरुवातीचा रेग्युलेटर बनला तो समुद्रासाठी बनलाच नाही. फ्रान्समध्ये बेन्वा रुक्वेरोल नावाचा खाणीवरचा इंजिनिअर होता. खाणीत विषारी हवा साठली की आत अडकलेल्यांना काढायला जाणारेही मरत. त्यासाठी त्याने १८६० मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं. खोल खड्ड्यात खराब हवा, आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही तिथेच राहतो, ही हकिगत आपल्याकडे कुणाला नवीन नाही. विहीर खोल करताना किंवा गाळ काढताना आपण ती ऐकलेली आहे.

पुढे १८६४ मध्ये ओग्युस्त दनेरूझ या नौदलातल्या अधिकाऱ्याबरोबर रुक्वेरोलने तेच यंत्र पाण्याखाली नेलं. आणि इथे थोडं थांबू या, कारण आजच्या विषयाचं मूळ इथेच आहे. हवा वरून पंपाने नळीतून यायची, पण ती आधी पाणबुड्याच्या पाठीवरच्या छोट्या लोखंडी टाकीत जमा व्हायची, आणि टाकीवर रेग्युलेटर. नळी तुटली, पंप थांबला, किंवा पाणबुड्याने स्वतःच नळी सोडवली, तर त्या टाकीतल्या हवेवर तो थोडा वेळ निभावू शकायचा. म्हणजे पाण्याखालचा हा सुरुवातीचा मागणी-रेग्युलेटर बसला तो राखीव सिलिंडरवरच. ज्यूल व्हर्नने १८७० च्या आपल्या प्रसिद्ध कादंबरीत कॅप्टन नेमोच्या लोकांना हेच यंत्र, या दोघांचं नाव घेऊन, पाठीला बांधलं. फक्त नळी काढून टाकली. ती नळी खरोखर काढायला पुढे ७० वर्षं लागली, कारण एवढा दाब पेलणारे हलके सिलिंडर तेव्हा नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता आणि पेट्रोल मिळत नव्हतं. एमिल गान्यां हा एर लिकीद कंपनीतला इंजिनिअर मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक रेग्युलेटर तयार करत होता. जॅक कुस्तो त्याच कंपनीतल्या एका वरिष्ठाचा जावई. सासऱ्यांच्या ओळखीने दोघांची गाठ पडली आणि मोटारीचा रेग्युलेटर माणसाला लागला. १९४३ च्या जानेवारीत पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवा पोहताना ठीक चाललं. उभा राहिल्यावर हवा नुसतीच बुडबुडत निघून जायला लागली. डोकं खाली केलं तर श्वासच ओढेना. कारण साधं होतं. हवा घेणारा पडदा आणि उच्छ्वास बाहेर जाण्याची जागा यांच्या पातळीत फरक होता, आणि पाण्यात वीतभर फरकालाही दाब असतो. दोन्ही शेजारी-शेजारी आणल्यावर यंत्र चाललं. ही वीतभर पातळी लक्षात ठेवा, ती पुढे आपल्याला लागणार आहे.

त्या यंत्राला मानेभोवती दोन जाड नळ्या असत. १९५२ मध्ये मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने पॉरपॉइज नावाचा एकनळी संच विक्रीला आणला. त्याने काम दोघांत वाटलं. सिलिंडरवर पहिला टप्पा. तो २०० बारचे आसपासच्या पाण्यापेक्षा साधारण ९-१० बार जास्त एवढ्यावर आणतो. तोंडाशी दुसरा टप्पा; तो उरलेला दाब उतरवतो आणि ओढाल तेव्हा हवा देतो. आज तुम्ही मालवणला जे तोंडात धरलंत तो हा दुसरा टप्पा.

आता राखीव हवेकडे परत येऊ. या सगळ्या धांदलीत ती कुठे गेली? तर ती मुख्य सिलिंडरच्याच आत गेली. १९५० च्या दशकात सिलिंडरच्या तोटीत एक स्प्रिंग बसवत. हवा २०-३० बारपर्यंत उतरली की श्वास जड व्हायचा. मग पाठीमागची दांडी ओढायची, की उरलेली हवा मोकळी. आपल्या जुन्या स्कूटरचा रिझर्व्ह आठवतो ना? तसंच. कॉक फिरवला की पंपापर्यंत पोहोचता यायचं. पण स्कूटरवाल्याने कॉक आधीच रिझर्व्हवर ठेवलेला असेल तर? रस्त्यात ढकलावी लागते. पाण्याखालीही हेच झालं. दोरीला, खडकाला घासून दांडी आधीच खाली आलेली असायची, पाणबुड्या निर्धास्तपणे राखीव हवाच पीत असायचा, आणि गरज पडली तेव्हा ओढायला काही उरलेलं नसायचं. पुढे प्रत्येकाजवळ दाब दाखवणारा काटा आला आणि ही स्प्रिंग मागे पडली.

मग राखीव हवा दुसऱ्या माणसाकडे ठेवली गेली. आधी दोघांनी एकच तोंडी आळीपाळीने वापरायची, पुढे १९६०-७० च्या दशकांत प्रत्येकाच्या पहिल्या टप्प्याला आणखी एक, पिवळ्या नळीचा दुसरा टप्पा जोडायची पद्धत रुळली. त्याला ऑक्टोपस म्हणतात. तुमची हवा संपली तर जोडीदाराचा पिवळा घ्यायचा. चांगली सोय आहे, आम्ही तिला नावं ठेवत नाही. पण तिच्यात एक गृहीतक आहे: जोडीदार हाताशी आहे, आणि तो दिसतोय.

गुहांत उतरणाऱ्यांना हे गृहीतक परवडेना. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या पाणगुहांत माणसं मरत होती. तिथल्या शेक एक्सलीने १९७९ मध्ये अपघातांचा अभ्यास करून छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला नियम म्हणजे एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखून. आणि ज्याला पूर्ण खात्री हवी त्याने वेगळा सिलिंडर, वेगळा पहिला टप्पा, वेगळा दुसरा टप्पा स्वतःच्याच अंगावर बाळगायचा. हाच तुमचा छोटा सिलिंडर. इंग्रजीत त्याला पोनी म्हणतात, तट्टू.

त्याच सुमाराला, १९८० च्या आसपास, याहून लहान गोष्ट बाजारात आली. पाण्याच्या बाटलीएवढा सिलिंडर आणि त्याच्या तोंडावरच चिकटवलेला रेग्युलेटर. नळी नाही, काही नाही. पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायला सैनिकांना असलीच बाटली देतात, आणि तिथे ती चोख काम करते, कारण तिथे प्रश्न दोन-चार मीटर खोलीचा आणि काही सेकंदांचा असतो. पण हौशी पाणबुड्यांनी ती ३० मीटरवर न्यायला सुरुवात केली.

इथे थोडं गणित करू. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर हवा सहज ओढतो. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला १२० लिटर. त्या बाटलीत हवा ८५ लिटर. झाले ४२ सेकंद. काय घडलंय ते समजेपर्यंत तेवढा वेळ जातो. आता नीट वर यायचं तर एक मिनिट खाली सावरायला, त्याचे १२०. मिनिटाला ९ मीटर या बेताने वर यायला सव्वातीन-साडेतीन मिनिटं, सरासरी अडीच पट दाबाने त्याचे २५०. आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायला १३५. बेरीज ५०० लिटरच्या पुढे. ३ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला ६०० लिटर मावतात. म्हणजे तट्टू पुरतं, बाटली पुरत नाही. १८ मीटरला हाच हिशेब साधारण ३३०-३४० वर येतो. 'लहान किती' याचं उत्तर आधी खोलीला विचारायचं, पिशवीत किती जागा आहे ते नंतर.

सिलिंडर ठरला. आता त्यावरचा रेग्युलेटर. पहिला टप्पा लहान घ्यायला आमची काही हरकत नाही. आत दट्ट्या असलेले साधे, लिंबापेक्षा थोडे मोठे पहिले टप्पे मिळतात. त्यात हलणारे भाग थोडे, रबरी रिंगा थोड्या, आणि महिनोन् महिने न वापरता पडून राहणाऱ्या वस्तूत भाग जितके कमी तितकं बरं. त्यांची एक खोड आहे: सिलिंडरचा दाब उतरत गेला की मधला दाबही थोडा उतरतो आणि श्वास जड होत जातो. छोटा सिलिंडर तर काही मिनिटांत उतरणार. तरी ३० मीटरच्या आत, स्वच्छ पाण्यात, हे चालून जातं असं आमचं मत. दट्ट्याऐवजी पडदा असलेले, बाहेरचं पाणी आत न घेणारे टप्पे जरा मोठे आणि महाग असतात. त्यांचं कारण पुढे येईल.

दुसरा टप्पा मात्र लहान करताना सांभाळा. आत रबरी पडदा असतो. तुम्ही हवा ओढली की तो आत झुकतो आणि दांडी दाबून झडप उघडतो. पडद्यावरचं बळ त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून. ७ सेंटिमीटर व्यासाचा पडदा ५ सेंटिमीटरवर आणला तर क्षेत्रफळ जवळजवळ निम्मं होतं. तेवढीच झडप उघडायला जवळपास दुप्पट जोर लावून ओढावं लागणार, किंवा कारागिराला आतली रचना इतकी नाजूक ठेवावी लागणार की ती ठेच लागली तरी फुरफुरायला लागेल. पडदा आणि उच्छ्वासाची झडप यांच्यातलं अंतर, ती मार्न नदीतली वीतभर पातळी, इथेही आहेच. काही लहान टप्पे तोंड वाकडं झालं की पाणी घेतात. दुकानात उभं राहून ओढताना हे कळत नाही, तिथे सगळेच गोड लागतात. युरोपात त्यासाठी ईएन २५० नावाचं मानक आहे: ५० मीटरच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर ओढत यंत्राने चाचणी घेतात. २०१४ च्या आवृत्तीपासून ऑक्टोपससारखा दुसऱ्यालाही श्वास देण्यालायक संच असेल तर त्यावर 'ए' हे अक्षर जास्तीचं असतं. संच घेताना एवढं कोरलेलं आहे का ते बघा.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधीची. १९४६ मध्ये कुस्तो आणि फ्रेडरिक द्युमा दक्षिण फ्रान्समधल्या व्होक्लूझच्या झऱ्यात उतरले. झरा म्हणजे डोंगराच्या पोटात शिरलेली अंधारी, थंड विहीरच. खाली गेल्यावर दोघांचीही शुद्ध हरपायला लागली. वर दोर धरून बसलेल्या मोरिस फार्गने ओढून काढलं म्हणून वाचले. नंतर उलगडा झाला की हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता. सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड. त्या दिवशी त्यांच्याजवळ त्याच कॉम्प्रेसरने भरलेला राखीव सिलिंडर असता तर त्यात तेच विष असतं. घरातला दुसरा गॅस सिलिंडर भरलेला आहे का हे आपण हलवून बघतो. इथे तो कुठे आणि कधी भरला हेही विचारावं लागतं. आणि विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसणाऱ्यांनी ऐकून ठेवा: कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, हा जुना ठोकताळा या वायूला लागू नाही. त्याने कंदील विझत नाही.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू झालं, डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने, आणि द्वारकेच्या पाण्यात संशोधक सिलिंडर बांधून उतरले. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. आज सिंधुदुर्गाच्या आसपास हजारो पर्यटक पाण्यात जातात ते काही मीटरच, प्रशिक्षकाने धरलेलं असताना. तिथे पाहुण्याला राखीव सिलिंडर लागत नाही. त्याचा राखीव श्वास म्हणजे तो प्रशिक्षक. पण विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारं आंग्रिया बँक हे प्रवाळाचं पठार आहे. त्याचा माथाच पाण्याखाली सुमारे २० मीटरवर. तिथे प्रवाहात जोडीदार सुटू शकतो आणि किनारा एका दिवसाच्या वाटेवर. अशा ठिकाणी जाणार असाल तर ३ लिटरचं तट्टू, साधा दट्ट्याचा पहिला टप्पा, नेहमीच्या आकाराचा दुसरा टप्पा, आणि दाब दाखवणारं बटणाएवढं मीटर. झालं.

विहिरीचं मात्र वेगळं आहे, आणि विचारणाऱ्यांच्या मनात खरं ते आहे हे आम्हाला ठाऊक आहे.

आपल्याकडे विहीर परसात मोजतात. सात-आठ परस विहीर म्हणजे १३-१४ मीटर. समुद्राच्या हिशेबात ही खोली काहीच नाही. पण आत मोटारीचा पाइप, केबल, जुने दोर, खाली गाळ, आणि गाळ एकदा हलला की स्वतःचा हात दिसत नाही. दोघं उतरले तरी एकमेकांना दिसणार नाहीत, मग पिवळ्या नळीचा उपयोग कुणाला? म्हणून इथे राखीव हवा स्वतःच्याच अंगावर हवी, लोंबणारी नळी नको, आणि पहिला टप्पा पडद्याचा, बंद घडणीचा हवा, कारण उघड्या दट्ट्यात गाळ जाऊन बसतो. सुटसुटीतपणाला खरी किंमत आहे ती इथे.

त्याहून पुढची गोष्ट. असल्या जागी काम करणारे व्यावसायिक पाणबुडे मुख्य हवा पाठीवर नेतच नाहीत. ती वरून नळीने येते, नळीबरोबर दोर आणि बोलायची तार असते, वर माणूस बसलेला असतो, आणि पाठीवरचा छोटा सिलिंडर केवळ राखीव. म्हणजे १८६४ चीच मांडणी. या मांडणीत छोट्या सिलिंडरचा पहिला टप्पा मुखवट्याच्या बाजूच्या ठोकळ्याला जोडलेला असतो आणि तिथली आणीबाणीची तोटी एरवी बंद. आता पहिला टप्पा जरा गळायला लागला, तर वाढलेला दाब जाणार कुठे? नेहमीच्या संचात तो दुसऱ्या टप्प्यातून फुसफुसत बाहेर पडतो, इथे ती वाट बंद आहे. नळी फुटेल. म्हणून अशा पहिल्या टप्प्यावर जास्तीचा दाब सोडणारी झडप वेगळी बसवावीच लागते. नळीच्या मध्ये बंद करायची तोटी टाकणाऱ्यांनाही हेच लागू. अगदी लहान पहिल्या टप्प्यांना ही झडप लावायला जागाच नसते. एक भोक नळीला, एक मीटरला, संपलं. त्यामुळे इथे 'लहानात लहान' हा शब्द मागे घ्यावा लागतो.

आणि शेततळ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. प्लास्टिकच्या कागदाचं शेततळं निसरडं असतं, पोहता येणारासुद्धा वर चढू शकत नाही. श्वास बंद झाल्यावर मेंदूला चार ते सहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात सिलिंडर, रेग्युलेटर, मुखवटा घालून कुणी पोहोचत नाही. तिथे पाणबुड्याचं सामान येतं ते शव काढायला. जीव वाचवायला काठाला कायम बांधलेला गाठींचा दोर आणि हवा भरलेली ट्यूब लागते. या दोन्हींची किंमत रेग्युलेटरच्या किमतीपुढे काहीच नाही.

उरलं वापरण्याचं. तट्टूची तोटी उघडी ठेवायची की बंद, यावर जगभर भांडण आहे. उघडी ठेवली तर नकळत फुरफुरून सगळी हवा जाते. बंद ठेवली तर नेमक्या क्षणी हात पोहोचायला हवा. तट्टू पुढे, छातीच्या बाजूला अडकवलेलं असेल तर आम्ही दुसऱ्या पक्षाचे: तोटी उघडून नळीत दाब भरून घ्यायचा, मग बंद, आणि डोळे मिटून उघडायची सवय करायची. पाठीवर असेल तर उघडीच ठेवावी लागते. दुसरा टप्पा हनुवटीखाली रबरी दोरीत, म्हणजे शोधावा लागत नाही. पण मुख्य आणि राखीव तोंडी हाताला वेगळ्या लागायला हव्यात, कारण चुकून राखीवच तोंडात घालून उडी मारणारे असतात. त्यांचं ते स्कूटरच्या कॉकसारखं होतं. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, मुख्य संचाबरोबरच. गोड्या पाण्यात वापरला तरी धुवायचा, गाळ मिठापेक्षा चिवट असतो.

वेळ होत आली. पुढच्या रांगेतून दोन हात मघापासून वर आहेत, त्यांच्यापासून प्रश्न घेऊ या.